पाठीवर बर्फ, पोटाखाली अंडी

रात्रीची जेवणं उरकून ओटा पुसून होतो, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या तळ्यावर फटफटायला लागलेलं असतं. साडेतेरा तासांचा फरक. गेले पाच हिवाळे आमचं घर याच फरकावर चाललं आहे. सकाळी चहा उकळत असतो तेव्हा तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ, म्हणजे घरट्यात पाळी बदलायची वेळ. मोबाइल टेकवायला आईने साखरेच्या डब्याशेजारची जागा कायमची राखून ठेवली आहे.

सुरुवात २०२१ च्या जानेवारीत झाली. कोरोनामुळे बाहेर पडणं नकोसं झालं होतं आणि आईला टीव्हीवरचे आकडे ऐकवत नव्हते. म्हणून मी तिला मोबाइलवर गरुडांचं हे घरटं लावून दिलं. जेफ्री पाइनच्या एका झाडावर, जमिनीपासून १४५ फुटांवर. हे तळंच मुळात आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे, त्यामुळे बर्फ पडतो तो पावसासारखा. ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ या संस्थेने २०१५ मध्ये तिथे कॅमेरा बसवला. तो सौरऊर्जेवर चालतो आणि रात्री इन्फ्रारेड प्रकाशात दाखवतो. तो प्रकाश गरुडांना दिसत नाही, त्यामुळे त्यांची झोप मोडत नाही.

घरट्याची मालकीण जॅकी. ती २०१२ मध्ये याच खोऱ्यात जन्मली असावी, असं मानतात. २०१८ मध्ये शॅडो आला आणि तिच्या आधीच्या जोडीदाराला हटवून राहिला. दोघेही बाल्ड ईगल, पण टक्कल कुणालाच नाही. ‘बाल्ड’ या शब्दाचा जुना अर्थ पांढऱ्या डोक्याचा. मादी नरापेक्षा मोठी असते. हे कळल्यावर आईने लगेच जॅकीला ‘बाई’ लावलं. शॅडो मात्र शॅडोच राहिला.

आईचं आणि या पक्ष्यांचं पहिलं भांडण खाण्यावरून झालं. शॅडोने काहीतरी काळं ओढत आणलं. मी सांगितलं, हा कूट, आपल्याकडच्या वारकरी पक्ष्याचा अमेरिकेतला भाऊबंद. “वारकरी खातात?” म्हणून तिने मोबाइल पालथा घातला. दुसऱ्या दिवशी मासा आला, तेव्हा समेट झाला.

त्या वर्षी हाती काही लागलं नाही. पहिली अंडी डोमकावळ्यांनी फोडली. जॅकीने पुन्हा अंडी घातली, तर त्यातलं एक पिलू कवचातून बाहेर येता येताच गेलं. मागचे व्हिडिओ शोधून पाहिले तर तिथेही तेच. २०१९ मध्ये सिंबा आणि कुकी अशी दोन पिलं झाली होती, त्यातलं कुकी मे महिन्यातल्या वादळात गारठून मेलं. २०२० मध्ये एकही अंडं फुटलं नाही. २०२२ मध्ये ३ मार्चला स्पिरिट जन्मलं, वाढलं, उडून गेलं. आई म्हणाली, “चला, लागलं मार्गाला.” २०२३ मध्ये पुन्हा भोपळा.

आणि मग २०२४. मला विचाराल तर पाचांतला खरा हिवाळा तोच, आणि त्यात घडलं काहीच नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन-तीन दिवसांच्या अंतराने तीन अंडी झाली. फेब्रुवारीत वादळ आलं आणि जॅकी सलग सुमारे ६२ तास अंड्यांवरून हलली नाही. शॅडो पाळी घ्यायला येई, ती उठत नसे. पहाटे बर्फाचा एक ढीग दिसायचा आणि त्यातून पिवळी चोच. मग ढीग हलायचा, ती अंग झाडायची, पोटाखालची अंडी चोचीने फिरवायची आणि पुन्हा डावीउजवीकडे डुलत बसायची.

“कुणी वर जाऊन घोंगडं का टाकत नाही तिच्यावर?” आईने विचारलं. मलाही आतून तेच वाटत होतं. एवढी माणसं बघताहेत आणि करत कुणीच काही नाही, याचा मला पहिल्या वर्षी तर रागच आला होता. पण झाडाशी माणूस गेला की ती उडणार, आणि उडाली की अंडी गारठणार. विणीच्या काळात वनखातं झाडाभोवतीचा भाग माणसांना बंद ठेवतं. शिवाय पाठीवरचा बर्फ वितळत नाही, हीच चांगली खूण आहे. पिसांचा थर इतका पक्का की अंगातली ऊब बाहेर पडत नाही. पोटाला मात्र पिसं नसलेला उघड्या कातडीचा पट्टा असतो, ती थेट अंड्याला टेकते. हे ऐकून आई म्हणाली, “म्हणजे तिचं घोंगडं तिच्याजवळच आहे.” पण तिने ते मनापासून मान्य केलं असं मला वाटत नाही.

अंडी साधारण अडतीस-एकोणचाळीस दिवसांत फुटायला हवीत. मार्च उजाडला, संपला. जॅकी आणि शॅडो बसूनच. आम्हीही. कॅलेंडरवर आईने पेन्सिलने मारलेल्या रेघा मी मोजत होते, ती मात्र मध्येच थांबली. “त्यांना कळलं असेल का गं?” एवढंच तिने एकदा विचारलं.

बसून राहण्याच्या या काळात बघायला काय असतं? शॅडो अंड्यांजवळ चालताना नख्या आत वळवून पंजाची मूठ करतो, म्हाताऱ्या माणसासारखा जपून पाय टाकतो. एवढीशी गोष्ट, पण मी ती पन्नास वेळा पाहिली असेल. घरट्यापेक्षा लांब फांदी आणून तो ती आडवी ठेवतो, जॅकी उचलून दुसरीकडे ठेवते, तो पुन्हा पहिल्या जागी. तीन-चार फेऱ्या होतात. कुणाच्या घरातलं फर्निचर कुठे, याचा निकाल शेवटी कोण लावतं, ते आमच्याकडे वेगळं सांगावं लागलं नाही.

बाल्ड ईगल १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे, पण कायद्याने राष्ट्रीय पक्षी झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात डीडीटीने त्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ केली, की उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने ती फुटत. अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या देशात १९६३ मध्ये माहीत असलेल्या जोड्या उरल्या ४१७. डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली, २००७ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या यादीतून बाहेर पडला. हे वाचून दाखवल्यापासून जॅकी अंड्यांवर बसताना आई दरवेळी श्वास रोखते.

२०२५ मध्ये पुन्हा तीन अंडी, आणि तिन्ही फुटली. पहिलं ३ मार्चला, स्पिरिटच्याच तारखेला. तिकडे मध्यरात्र व्हायला आली होती, आमच्याकडे ४ तारखेची दुपार. मी ऑफिसात डबा उघडून बसले होते, आईचा फोन आला, “फुटलं!” शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं, कुकर.

१३ मार्चच्या रात्री तिकडे बर्फाचं वादळ झालं. आमच्याकडे धुळवड होती. रंग धुवून, साडेसातला आम्ही मोबाइल लावला. उजाडत होतं. जॅकी उठली. आईने डोकी मोजली, दोन. चष्मा पुसून पुन्हा मोजली. गॅसवरचं दूध उतू गेलं, ते दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

उरलेल्या दोघांची नावं तिथल्या शाळकरी मुलांनी मतदान करून ठेवली, सनी आणि गिझ्मो. गेलेल्या पिलाला मिस्टी म्हणतात, संस्थेच्या एका दिवंगत कार्यकर्तीची आठवण म्हणून. जूनच्या सुरुवातीला आधी सनी उडालं, मग काही दिवसांनी गिझ्मो. इकडे पाऊस सुरू झाला होता आणि वीज जात-येत होती.

त्यानंतर घरटं रिकामं. तरी आई मधूनच ते लावते. तिकडची रात्र म्हणजे इकडची दुपार. तिच्या जेवणाच्या वेळी उडत्या खारी घरट्यात उतरतात, काड्यांमध्ये काहीतरी हुंगतात आणि एका क्षणी नुसत्या नाहीशा होतात. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी दात घासत होते, तिने हाक मारली. शॅडो आला होता, चोचीत त्याच्यापेक्षा लांब काडी. त्याने ती कडेला आडवी ठेवली. पाठोपाठ जॅकी उतरली.

“बघ आता,” आई म्हणाली, “उचलणार ती.”