दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट

१९५१ साली व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात ‘राशोमोन’ या जपानी चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर थोड्याच काळात तो कलकत्त्याच्या पडद्यावर आला. एक दरोडेखोर, एक सामुराई, त्याची पत्नी आणि अरण्यात झालेला एक मृत्यू, एवढेच त्याचे कथानक. परंतु ती घटना चार मुखांतून चार प्रकारे सांगितली जाते आणि खरे कोणते याचा निवाडा चित्रपट करीत नाही. जाहिरातीच्या व्यवसायात चित्रकाराचे काम करणारा एक तरुण हा चित्रपट लागोपाठ तीन दिवस पाहावयास गेला. त्याचे नाव सत्यजित राय. १९४७ साली स्थापन झालेल्या कलकत्ता फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी तो एक होता, आणि ‘पथेर पांचाली’ अद्याप व्हावयाचा होता. जपानी भाषा त्याला येत नव्हती. जपानी चित्रपटांचा पूर्वेतिहासही ठाऊक नव्हता. तरीही ज्या देशात असा चित्रपट निर्माण होतो त्या देशात त्यापूर्वीची मोठी तपश्चर्या असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला व पुढे आपल्या लेखात तो मांडला. तो तर्क खरा होता. अकिरा कुरोसावा १९४३ पासून चित्रपट दिग्दर्शित करीत होते.

कलकत्त्याच्या या प्रेक्षकाला जपानी कलाकृती तिच्या मूळ रूपात भेटली. भारतातील बहुसंख्य प्रेक्षकांच्या वाट्याला मात्र जपानी गुन्हेगारी कथा आली ती आपल्याकडच्या वेषात, आपल्या भाषेत आणि बहुधा मूळ नाव पुसलेल्या स्थितीत. मूळ चित्र पाहिलेला प्रेक्षक आणि केवळ त्याचे नवे रूप पाहिलेला प्रेक्षक यांच्या प्रतिक्रिया इतक्या भिन्न का होतात, हे समजण्यास १९७७ सालच्या ‘इन्कार’ या हिंदी चित्रपटासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

‘इन्कार’चे मूळ कुरोसावांच्या १९६३ सालच्या चित्रपटात आहे. त्याच्या जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’. जगाला तो ‘हाय अँड लो’ या नावाने परिचित आहे. योकोहामा शहरात टेकडीवरच्या ऐसपैस घरात जोडे बनविणाऱ्या कंपनीचा एक अधिकारी राहतो. कंपनी ताब्यात यावी म्हणून त्याने घरदार गहाण टाकून पैसा उभा केला आहे. नेमक्या त्याच वेळी त्याचा मुलगा पळविल्याचा दूरध्वनी येतो आणि मग कळते की गुन्हेगाराने चुकून मोटारचालकाचा मुलगा नेला आहे. तीन कोटी येनची मागणी मात्र कायम राहते. दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतः कंगाल व्हावे काय? जवळजवळ तासभर हा पेच एका दिवाणखान्यात चालतो. तोशिरो मिफुने यांनी साकारलेला तो गृहस्थ येरझारा घालतो, चिडतो, नकार देतो आणि अखेरीस पैसे देतो. ते धावत्या आगगाडीच्या खिडकीतून फेकावयाचे असतात. तेथून पुढे कॅमेरा टेकडी उतरतो आणि उकाड्याने तापलेल्या दाट वस्तीत शिरतो. गुन्हेगार हा एक गरीब वैद्यकीय शिकाऊ उमेदवार आहे. आपल्या खोलीतून तो रोज वर पाहतो आणि त्याला ते गार हवेचे घर दिसते. त्याच्या द्वेषाचे बीज त्या नजरेत आहे. शेवटी तुरुंगात दोघे समोरासमोर बसतात, मध्ये काच असते, आणि एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब पडते. प्रेक्षक घरी जातो तो समाधान घेऊन नव्हे.

राज सिप्पी यांच्या ‘इन्कार’मध्ये जोड्यांचा कारखानदार आहे, चुकून पळविलेला नोकराचा मुलगा आहे, आगगाडीही आहे. कारखानदाराची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. १९७० पासून ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब बेलवलकर म्हणून महाराष्ट्राला ओळखीचा झालेला हा नट येथे त्या धर्मसंकटाला शोभेल असे वजन आणतो, आणि जेथे चित्रपट त्याला अवसर देतो तेथे मूळ चित्राची धग जाणवते. पण तो अवसर फार नाही. नायकपद विनोद खन्ना यांच्या पोलिस अधिकाऱ्याकडे जाते, प्रेमकथा येते, गाणी येतात. ज्या प्रश्नासाठी मूळ चित्राने तासभर दार बंद करून ठेवले होते, तो प्रश्न पाठलागाच्या मागे पडतो.

गुन्हेगाराच्या बाबतीत तर निवड झाली तेव्हाच अर्थ बदलला. कुरोसावांनी त्सुतोमु यामाझाकी हा त्या काळी फारसा परिचित नसलेला चेहरा घेतला. गर्दीत मिसळून जाईल असा. ‘इन्कार’मध्ये ते काम अमजद खान यांनी केले. दोनच वर्षांपूर्वी, १९७५ मध्ये, ‘शोले’तील गब्बरसिंग साऱ्या देशाने पाहिला होता. (त्या ‘शोले’वरही कुरोसावांच्याच ‘सेव्हन सामुराई’चे ऋण आहे, ही गोष्ट वेगळी.) असा नट पडद्यावर येताच प्रेक्षकाच्या मनात निकाल लागलेला असतो, खालून वर पाहणाऱ्या माणसाचे दुःख तेथे शिरावे कसे? आणि योगायोग असा की त्याच १९७७ साली, तीन दिवस ‘राशोमोन’ पाहणाऱ्या कलकत्त्याच्या त्या प्रेक्षकाने, म्हणजे राय यांनी, ‘शतरंज के खिलाडी’त याच अमजद खान यांना कवी आणि संगीतप्रेमी नबाब वाजिद अली शाह म्हणून उभे केले. राज्य गेल्यावर कलकत्त्याच्या मटियाबुर्जमध्ये आयुष्य कंठणारा हाच तो नबाब. नट एकच होता. प्रेक्षकाच्या आठवणीशी झुंज घेण्याची दिग्दर्शकाची तयारी निराळी होती.

तथापि ‘इन्कार’ला केवळ नक्कल म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल. त्याच्या संकलनासाठी गोव्याचे सुपुत्र वामन भोसले यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि चित्रपटाची गती पाहता ते योग्यच होते. लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते एक गाणे, ‘मुंगळा’. मूळ चित्रात गुन्हेगार गर्दीच्या नृत्यगृहात जातो व वेष पालटलेले पोलिस त्याच्यावर पाळत ठेवतात. हिंदीत गुत्ता आला, हेलन आल्या, उषा मंगेशकरांचा आवाज आला, आणि राजेश रोशन यांच्या चालीने ते गाणे चित्रपटापेक्षा दीर्घायुषी झाले. २०१९ साली ‘टोटल धमाल’मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा उषाताईंनी आणि संगीतकारांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, जुन्या गाण्याचे चाहतेही हळहळले. मूळ वस्तूची मोडतोड झाली, अशी ती तक्रार होती. जो चित्रपट स्वतःच दुसऱ्याच्या मुळावर उगवला, त्यातील गाणे चाळीस वर्षांत ‘मूळ’ ठरले होते. प्रेक्षकाला जे प्रथम भेटते आणि आवडते ते त्याच्या दृष्टीने मूळ असते. निर्मितीचा क्रम त्याला क्वचितच ठाऊक असतो.

आणि कुरोसावांचा चित्रपट तरी पहिला कोठे होता? त्याचा आधार एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाची १९५९ सालची ‘किंग्ज रॅन्सम’ ही कादंबरी. तिचे श्रेय कुरोसावांनी दिले होते. उलट त्यांच्या ‘योजिंबो’वरून, म्हणजे दोन गुंडटोळ्यांना झुंजविणाऱ्या सामुराईच्या कथेवरून, इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला तेव्हा परवानगी घेतली नव्हती. प्रकरण कायद्यापर्यंत गेले आणि जपानी पक्षाला उत्पन्नात वाटा मिळाला. तेव्हा वाद घेण्याचा नव्हे, सांगून घेण्याचा आहे.

२०२५ साली अमेरिकन दिग्दर्शक स्पाइक ली यांनी तीच अपहरणकथा न्यूयॉर्कमधील एका संगीतव्यावसायिकाच्या घरात नेली. चित्रपटाचे नाव ‘हायेस्ट टू लोएस्ट’. या वेळी मूळ कोणते हे लपलेले नव्हते, आणि नव्या चित्राला जुन्याशेजारी उभे करूनच अनेकांनी त्याचे मोल केले. कोणी दिवाणखान्यातील तो पेच पातळ झाला म्हणाले, कोणाला नव्या शहराची लय अधिक भावली. दोन्ही चित्रे एकाच संध्याकाळी घरबसल्या पाहता येण्याच्या काळातला हा प्रेक्षक आहे. कलकत्त्याच्या त्या तरुणाला पुन्हा पाहावयाचे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून चित्रगृहात जाऊन बसावे लागत होते.