पहाटे पाचचा खून

“एवढे खून सुचतात तरी कसे हो तुम्हाला?” लग्नकार्यात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला अपरात्रीचा पाऊस आणि मिणमिणता दिवा अपेक्षित असतो. मी पहाटे पाचला उठतो, चहा घेतो आणि दूधवाला येईपर्यंत दोन फुलस्केप भरतो. बँकेत होतो तेव्हाही हेच वेळापत्रक होते.

रहस्यकथा उलटी विणावी लागते. शेवट आधी, तपास मागून. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात औषधालयात काम केले, विषांची ओळख तिथली. १९२०च्या तिच्या पहिल्या कादंबरीत ब्रोमाइडमुळे स्ट्रिक्नीन बाटलीच्या तळाशी साचते आणि शेवटचा डोस जीव घेतो. (ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी क्षमा करावी!) मला बँकेने विषे नाही, सह्या दिल्या. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत सारखी करीत नाही. मृत्युपत्रावरची सही जुन्या सहीशी रेषेला रेष जुळली, की समजावे, कुणीतरी ती गिरवली आहे. एवढ्यावर माझी एक कादंबरी उभी आहे.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. समीक्षकांच्या पंगतीत त्यांचे पान मांडले गेले नाही. वाचायची गोडी मात्र घरोघरी त्यांनीच लावली.

सध्या तेराव्या प्रकरणात अडलो आहे. सासऱ्याचा खून सुनेने केला, अशी योजना. सौ.ने हस्तलिखित वाचले, चष्मा काढला. म्हणाली, “पेपरात सुना मरतात, आणि तुमच्याकडे खुनीही तीच?”

पुरावे सगळे सुनेविरुद्धच जातात. कागद आठ दिवस तसेच पडून आहेत.