संसार, पियानो आणि कॅरोल किंग

लग्नाआधी पेटी शिकलेल्या, गाण्याच्या दोन-चार परीक्षा दिलेल्या कितीजणी आपल्या ओळखीत असतात! पुढे संसार मागे लागतो. पेटीवर आधी कापड पडतं, मग धूळ बसते. मैत्रिणींनो, आज जिची ओळख करून द्यायची आहे तिचंही लग्न सतराव्या वर्षी झालं आणि अठराव्या वर्षी पदरात मूल आलं. पण तिचा पियानो मात्र बंद पडला नाही. ही आहे अमेरिकेची गायिका आणि संगीतकार कॅरोल किंग.

तिचा जन्म ९ फेब्रुवारी १९४२ चा, न्यूयॉर्कचा. मूळ नाव कॅरोल क्लाइन. वडील आगीच्या बंबावर नोकरीला, आई शिक्षिका. घर मध्यमवर्गीय, पण घरात पियानो होता आणि आईला तो येत होता. त्यामुळे पहिले धडे आईजवळच झाले. सूर ऐकला की कोणता ते ओळखावं, असा या मुलीचा कान लहानपणापासूनच तयार होता.

बाळ मांडीवर, चाल डोक्यात

कॉलेजात तिची गाठ गेरी गॉफिनशी पडली. तो शब्द लिहायचा, ही चाली बांधायची. १९५९ साली दोघांनी लग्न केलं. तो दिवसा प्रयोगशाळेत नोकरी करी आणि उरलेल्या वेळात गाणी रची. त्या काळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गाण्यांच्या प्रकाशकांची कचेरी म्हणजे ओळीने लहान लहान खोल्या, आणि त्यांत पियानो. भिंतीपलीकडे दुसरी जोडी काय वाजवते आहे तेही ऐकू येई! अशा खोलीत बसून तरुण मुलामुलींसाठी गाणी तयार करायची, हे त्यांचं काम.

१९६० साली ‘शिरेल्स’ या कृष्णवर्णीय मुलींच्या चमूने त्यांचं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ म्हटलं. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. कृष्णवर्णीय मुलींच्या चमूला हा मान प्रथमच मिळत होता. गेरीने नोकरी सोडली. १९६२ मध्ये ‘लोको-मोशन’ हे नाचाचं गाणं गाजलं. ते गाणारी ‘लिटल इव्हा’ कोण होती, ठाऊक आहे? यांच्या घरी बाळाला सांभाळणारी मुलगी! १९६७ साली अरीथा फ्रँकलिनसारख्या थोर गायिकेने त्यांचं ‘अ नॅचरल वुमन’ गायिलं.

पण गंमत बघा, चाली हिच्या आणि गळे मात्र दुसऱ्यांचे. रेकॉर्डवर हिचं नाव बारीक अक्षरांत, कंसात. ते किती जणांनी वाचलं असेल?

मोडलेला संसार, उघडलेला गळा

बाहेर गाणी गाजत होती, घरात मात्र फाटत चाललं होतं. नवऱ्याची मानसिक प्रकृती बिघडली, त्याचे दुसरीकडे संबंध जडले. १९६८ साली दोघं विभक्त झाली. दोन मुलींना घेऊन कॅरोल देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिसला आली. स्वतः गावं असं वाटत होतं, पण लोकांसमोर उभं राहायची तिला भीती वाटे. जेम्स टेलर या गायक मित्राने आग्रह करून तिला रंगमंचावर आणलं.

१९७१ च्या फेब्रुवारीत तिची ‘टॅपेस्ट्री’ ही रेकॉर्ड निघाली. टॅपेस्ट्री म्हणजे रंगीत धाग्यांनी भरलेलं चित्रवस्त्र. कव्हरवर ना झगमगीत पोशाख, ना रंगरंगोटी. खिडकीपाशी अनवाणी बसलेली, कुरळे केस मोकळे सोडलेली कॅरोल, हातात स्वतःचं भरतकाम आणि पुढे घरचं मांजर. आवाजही तसाच. फार गुळगुळीत नाही, पण शेजारीण मनातलं सांगते आहे असा.

दहा वर्षांपूर्वीचं ते गाणंही तिने इथे स्वतः गायिलं, अगदी संथ लयीत. उद्याही प्रेम राहील का, हा त्यातला प्रश्न अठराव्या वर्षी कोवळा वाटतो. संसार मोडल्यावर तोच प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या तोंडी तो किती निराळा होतो, हे ऐकूनच कळेल.

ही रेकॉर्ड सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९७२ साली तिला चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यांतला वर्षातल्या उत्तम गाण्याचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. समारंभाला ती गेलीच नाही. दुसऱ्या लग्नानंतर झालेली तान्ही मुलगी घरी होती ना!

हेही सांगायला हवं

यश मिळालं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं नाही. तिसऱ्या नवऱ्याने तिला मारहाण केली. १९७८ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने तो गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात तिने हे उघडपणे लिहिलं. पैसा, नाव, स्वतःची कमाई असलेली बाईसुद्धा मार खात गप्प राहू शकते, हे वाचून मन चरकतं. ‘तिला काय कमी होतं? निघून जायचं!’ असं आपण शेजारच्या बाईबद्दल पटकन म्हणतो. तसं म्हणण्याआधी जरा थांबावं, आणि तिच्या दारावर एक थाप मारून यावं.

पुढे ती आयडाहोच्या डोंगराळ भागात राहिली, शेळ्यांच्या धारा काढल्या, तिथली जंगलं वाचावीत म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसपुढे साक्ष दिली. २०१३ साली गर्शविन पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. २०१४ मध्ये तिच्या आयुष्यावरचं ‘ब्यूटिफुल’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं. २०१५ च्या केनेडी सेंटरच्या गौरवसमारंभात अरीथाने पियानोवर बसून तिचं गाणं गायिलं, तेव्हा सज्ज्यात बसलेल्या कॅरोलचा आनंद नुसता ओसंडून वाहत होता.

इंग्रजी गाणी कळत नाहीत, असं म्हणू नका. दुपारची आवराआवर झाली की ‘यू हॅव गॉट अ फ्रेंड’ लावा. शब्द सोपे आहेत. हाक मार, मी येईन, एवढंच त्यात सांगितलं आहे. आणि ते ऐकता ऐकता पेटीवरचं कापड काढावंसं वाटलं, तर अवश्य काढा.