तिघांनीही पाहिलं

पाऊण तासाचं व्याख्यान मी घरी घड्याळ लावून बसवलं होतं. रवांडात वर्गापुढे उभा राहिलो आणि ते निम्मंही झालं नाही. मी एक वाक्य बोलायचं, थांबायचं, दुभाषी मुलीने ते किन्यारवांडात सांगायचं. तेवढ्यात माझाच धागा सुटलेला असायचा. एकदा मी म्हणालो, "मागचंपुढचं न वाचता एकच ओळ उचलली की वचनाचा अर्थ फिरतो." यावर ती चांगली दोन मिनिटं बोलली आणि अख्खा वर्ग हसला. चहाच्या सुटीत मी तिला विचारलं, एवढं काय सांगितलंस?

"म्वारिमु, तुमचं वाक्य फार कोरडं होतं. मी बकरी घातली."

म्वारिमु म्हणजे मास्तर. आणि बकरीची गोष्ट अशी : परगावी गेलेल्या नवऱ्याने बायकोला निरोप धाडला, 'मी येईपर्यंत बकरी विकू नकोस.' निरोप्याला वाटेत कुणीतरी भेटलं, गप्पा झाल्या, आणि त्याने घरी जाऊन सांगितलं, 'बकरी विकायचं काहीतरी म्हणत होते.' नवरा परतला तेव्हा खुंट्याला नुसतं दावं. पुढचे दहा दिवस मी 'संदर्भ' हा शब्द उच्चारलाच नाही. कुणी वचन मोडूनतोडून वापरलं की वर्गातूनच आवाज यायचा, "बकरी गेली!"

ही जागा रवांडाच्या पूर्व भागातली, मुहाझी तलावाच्या काठची, गहिनीपासून जवळ. गहिनीचं नाव मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासात मोठं आहे. 1930 च्या दशकात इथल्या अँग्लिकन मिशनच्या आवारातून जी जागृतीची चळवळ उठली ती युगांडा, केनिया, टांझानियापर्यंत गेली. तिच्यात दीक्षित पाळकांपेक्षा साधी माणसंच पुढे होती : दवाखान्यातले मदतनीस, शाळामास्तर, शेतकरी. माझ्यापुढचे चौतीस जणही तसेच होते. त्यांतल्या सहा बायका. बहुतेकांची घेवड्याची, ज्वारीची नाहीतर केळीची थोडी शेती. एकाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. एक जण मोटो चालवायचा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. तो हेल्मेट बाकावर बायबलशेजारी ठेवून बसायचा. यांतला प्रत्येक जण दहा-वीस वर्षं दर रविवारी उपदेश करत आलेला. मला तिथे बोलावलं होतं ते त्यांना उपदेश करायला शिकवण्यासाठी.

बोलावण्यामागे कायदा होता. रवांडात दहातले नऊ जण ख्रिस्ती, आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर एखादी मंडळी. 2018 च्या सुरुवातीला सरकारने एकट्या किगालीत सातशेवर प्रार्थनागृहांना टाळं ठोकलं. इमारत धड नाही, शौचालय नाही, भोंग्यांचा गोंगाट, अशी कारणं. त्याच वर्षी कायदा आला : धर्मसंस्थेचा जो कायदेशीर प्रतिनिधी, त्याच्याकडे थिऑलॉजीची पदवी हवी, पदवी दुसऱ्या विषयातली असेल तर जोडीला थिऑलॉजीचं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. ती सरली, आणि 2024 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा तपासणी होऊन काही हजार प्रार्थनागृहं बंद झाली. मी पोचलो तेव्हा त्याला काही महिने झाले होते. कायद्याचा रोख वरच्या पुढाऱ्यांवर होता, पण धाक खालपर्यंत उतरला होता. आज साहेबाकडे मागितलेला कागद उद्या आपल्याकडे मागतील, हे त्या चौतीस जणांनी ओळखलं होतं.

ही सगळी सरकारी अरेरावी आहे, असं मला म्हणवत नाही. चमत्काराच्या नावाखाली गरिबाचा दशांश गिळणारे उपदेशक मी आपल्याकडेही पाहिलेत. पण ज्वारीची कापणी सोडून तीन-चार वर्षं शहरात जाऊन शिकणं यातल्या कुणाला परवडणार?

हा पेच जुनाच आहे. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या लक्षात आलं की राजधानीतल्या सेमिनरीत पाठवलेली खेड्यातली मुलं शिकून परत येतच नाहीत. खेड्यात मंडळी चालवणारी माणसं वेगळीच असतात, आणि ती कधी सेमिनरीची पायरी चढलेली नसतात. म्हणून 1963 मध्ये तिथल्या शिक्षकांनी उलटा मार्ग धरला. विद्यार्थ्याने आपल्या शेतावरच राहायचं, पुस्तक घरी वाचायचं, आणि मास्तराने ठरल्या दिवशी त्याच्या गावाजवळ यायचं. ही पद्धत पुढे जगभर गेली; 1971 मध्ये बंगळूरला तिच्यासाठी भारतीय संस्थाच निघाली. माझे आजोबाही असेच, नगर जिल्ह्यातले उपदेशक. त्यांचं शिक्षण कितपत म्हणाल, तर उन्हाळ्यातले मिशनचे वर्ग आणि एक सायकल. त्यांची टिपणवही माझ्याकडे आहे. प्रत्येक उपदेशाखाली तारीख, आणि तारखेपुढे कधीकधी एकच शब्द : 'लांबला'.

माझी पद्धत अशी. बाकं हटवायची, पाच-सहा जणांचे गट करायचे, प्रत्येक गटाला तपकिरी कागदाचा एक मोठा ताव आणि दोन मार्कर द्यायचे. उतारा छोटा घ्यायचा. पहिला तासभर कुणी अर्थ सांगायचा नाही, आलेलुया म्हणायचं नाही, घरची गोष्ट जोडायची नाही. कागदावर जे लिहिलंय तेवढंच तावावर उतरवायचं : कोण बोलतं, कुणाशी, कुठे, कोणता शब्द पुन्हा आला. ऐकायला सोपं वाटतं. वीस वर्षं बोलण्याची सवय असलेल्या माणसाला ते उपासासारखं जातं.

उतारा होता लूककृत शुभवर्तमानातला, लुटला गेलेला वाटसरू आणि त्याला गाढवावर घालून उतारशाळेत नेणारा, त्याच्यासाठी दोन नाणी देणारा शोमरोनी माणूस. दहा मिनिटांत तीन गटांतून उपदेश सुरू झाले. चकचकीत बुटांचा एक तरुण पाळक तर उभाच राहिला. त्याने गाढव म्हणजे सुवार्तिक केलं, उतारशाळा म्हणजे मंडळी आणि दोन नाणी म्हणजे जुना आणि नवा करार. मी त्याला बसवलं. पण खरं सांगायचं तर तो फार थोर पंगतीत होता. उतारशाळा म्हणजे मंडळी, हा अर्थ सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टिननेही लावला होता. संध्याकाळी हे त्याला सांगितलं तर तो खूश झाला. त्याची खोड मोडावी म्हणून मी बोललो होतो, ते राहिलंच.

कोपऱ्यातल्या गटात एक साठीचे गृहस्थ होते. त्यांना सगळे मुझेहे म्हणत, म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला बाबा म्हणावं तसं. शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, थोडी फ्रेंच येते, इंग्रजी अजिबात नाही. माझ्याआधी इथे येऊन गेलेल्या परदेशी पाहुण्यांनी छापील इंग्रजी पुस्तिकांचं एक खोकं मागे ठेवलं होतं. त्यात प्रत्येक धड्याचं उदाहरण बर्फ, विमा किंवा गोल्फचं. मुझेहे त्यांच्या कोऱ्या बाजूवर टिपणं लिहीत.

त्या दिवशी त्यांनी फक्त क्रियापदं काढली होती. सावकाश, शाळकरी अक्षरात, एकाखाली एक. याजक : पाहिलं, दुसऱ्या बाजूने गेला. लेवी : पाहिलं, दुसऱ्या बाजूने गेला. शोमरोनी : पाहिलं, कळवळला, जवळ गेला. मग 'पाहिलं' या शब्दाभोवती तीन गोल. काय दिसलं तुम्हाला, म्हणून मी विचारलं. ते उठले आणि दुभाषी मुलीकडे न बघता तावाकडे बघतच बोलले. तिने एका वाक्यात सांगितलं :

"ते म्हणतात, तिघांनीही पाहिलं."

एवढं बोलून ते खाली बसले. वर्गात कुणी हललं नाही. माझ्या टिपणात पुढे याजकांच्या सोवळ्या-ओवळ्याचे नियम होते, यरुशलेम ते यरीहो उतरणीचा रस्ता होता. मी टिपण मिटलं.

1994 च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत या देशात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. माणसं जीव वाचवायला देवळांत शिरली आणि देवळांतच कापली गेली. न्यामाताच्या चर्चमध्ये आज बाकांवर त्या लोकांचे कपडे आहेत. 2023 मध्ये युनेस्कोने ते स्मारक जागतिक वारशात घेतलं. मुगोनेरोच्या आवारात अडकलेल्या पाळकांनी आपल्या वरिष्ठ पाळकाला मदतीसाठी चिठ्ठी लिहिली होती. त्या वरिष्ठाला, एलिझाफान न्ताकिरुतिमाना याला, आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये वंशसंहारात साथ दिल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. न्यांगेचं चर्च आत माणसं असताना बुलडोझरने पाडलं गेलं. तिथला धर्मगुरू अथानास सेरोम्बा याला जन्मठेप झाली. हे दोघे अडाणी नव्हते. उपदेश कसा करायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत असणार.

त्या वर्गात कोण कुठल्या बाजूचा होता, मला माहीत नाही. तिथे तसं विचारत नाहीत. मुझेहेंनाही मी विचारलं नाही.

दुपारचं जेवण म्हणजे घेवडा, उकडलेली कच्ची केळी आणि इसोंबे, म्हणजे कसाव्याचा पाला कुटून केलेली भाजी. वर दुधातला आल्याचा चहा, तो थेट आपला. जेवताना सर्टिफिकेटांचा विषय निघायचाच. एका पाळकाने पिशवीतून लॅमिनेट केलेली अकरा काढून दाखवली : नेतृत्व, समुपदेशन, पुन्हा नेतृत्व, मंडळीवाढ. प्रत्येकाखाली कुणा पाहुण्याची सही. असल्या शिबिरांत शेवटच्या दिवशी प्रवासखर्चाचं पाकीट मिळतं, आणि काही जण पाकिटासाठीच येतात. मला त्यांचा राग आला नाही. दहा दिवसांची मजुरी बुडते. राग आला तर आमचा, दहा दिवस येऊन फोटो काढून जाणाऱ्यांचा. आणि मी त्यांच्यातलाच.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाचा दहा मिनिटांचा उपदेश. यात अडचण अशी की वडील माणसाला तोंडावर चूक सांगणं तिथे बसत नाही. पहिल्या तिघांचे उपदेश 'फार छान' ठरले. मग एका पाळकबाईंनी स्वयंपाकघरातून घेवड्याचे दाणे आणि एक वाडगा आणला. नियम त्यांचाच : या उपदेशाचा मुद्दा एका वाक्यात सांगता येईल असं ज्याला वाटेल त्याने दाणा टाकायचा, मग मी कुणालाही उभं करून ते वाक्य विचारणार. चकचकीत बुटांच्या तरुणाने घाम पुसत, दोनदा रडत, जबरदस्त उपदेश केला. वाडग्यात चार दाणे. तो बराच वेळ वाडग्यात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने, कुणी न सांगता, पुन्हा वेळ मागितला. या खेपेला सहा मिनिटं बोलला. दाणे एकोणीस.

मुझेहेंची पाळी आली तेव्हा ते नव्हतेच. गाय व्यायली होती. संध्याकाळी ते इकिवुगुतोचा डबा घेऊन हजर झाले; ते तिथलं आंबवलेलं दूध, दही आणि ताक यांच्या मधलं काहीतरी. पाळकाला तिथे उमुशुम्बा म्हणतात. बिशपपासून सगळ्यांना तो शब्द चालतो, पण रोजच्या बोलण्यात उमुशुम्बा म्हणजे दुसऱ्याची गुरं राखणारा गडी. आपल्या मेंढपाळातली मेंढी कधीच गळाली आणि नुसता पाळक उरला, पुढे त्याला साहेब चिकटला. मुझेहेंच्या पायाला शेण होतं आणि ते त्यांनी दारात नीट पुसलं.

मधे महिन्याचा शेवटचा शनिवार आला. त्या दिवशी सकाळी रवांडात उमुगांडा, म्हणजे गावाचं सामायिक श्रमदान. दुकानं बंद, रस्ते सुने, अकरापर्यंत वर्ग नाही. मीही गटार उपसायला गेलो. लांब दांड्याच्या तिथल्या कुदळीला इसुका म्हणतात. ती मी खुरप्यासारखी धरली म्हणून मुझेहेंनी माझी मूठ सोडवून पुन्हा बसवली. काम करता करता त्यांनी आपल्या मंडळीचं सांगितलं. तपासणीत तिला टाळं लागलं होतं, कारण वीजरोधक नाही. ही मागणीही हवेतून आलेली नाही : मार्च 2018 मध्ये दक्षिणेकडच्या न्यारुगुरूत उपासना चालू असताना चर्चवर वीज पडून सोळा माणसं गेली. मुझेहे म्हणाले, मागणी बरोबर आहे. पण वीजरोधकाचा खर्च छपराच्या पत्र्यांपेक्षा जास्त होतो. मंडळीने एक बोकड विकलाय, दुसरा वाढवतोय.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटं वाटली. माझ्या यजमानांनी ती किगालीहून छापून आणली होती. तीन नावं चुकली होती, ती पेनाने दुरुस्त केली. फोटो झाले. पाकिटं झाली. तळ्यापलीकडे आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्यांना बसची घाई होती.

मुझेहे दुभाषी मुलीला घेऊन माझ्याकडे आले. सर्टिफिकेट दोन्ही हातांत धरलेलं. त्यांनी विचारलं, कचेरीत हे चालेल का?

मी म्हणालो, नाही. कायद्याला हवं ते हे नाही.

या वेळी तिने काही जोडलं नाही. त्यांनी मान हलवली, सर्टिफिकेटाची घडी घातली, बायबलमध्ये ठेवली. मग तपकिरी कागदाचे ताव कुठे आहेत, विचारलं. ते खोलीच्या कोपऱ्यात टाकून दिलेले होते. त्यांनी आपला ताव शोधून काढला, गुंडाळला, केळीच्या सोपाने बांधला आणि पाऊस गाठायच्या आत उतारावरून चालू लागले.