रोजच्या वापराला जुनं चावीचं घड्याळ

रोज मनगटावर घालायला जुनं चावीचं घड्याळ हवं असेल, तर सुरुवात एचएमटीपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत ही घड्याळं बनू लागली. पुढं कित्येक वर्षं लग्नातला आहेर असो की निवृत्तीची भेट, एचएमटी ठरलेलंच. २०१६ मध्ये सरकारनं हा उद्योग बंद करायचा निर्णय घेतला, पण कपाटाच्या खणांत ही घड्याळं अजून आहेत.

माझी शिफारस भावनेपोटी नाही. ‘जनता’ घ्या नाहीतर ‘पायलट’, आत बहुधा १७ ज्वेलचं एकच यंत्र असतं. ते इतकं बनलं की सुटे भाग अजून मिळतात, आणि आपल्याकडच्या जुन्या घड्याळजींचा त्यावर हात बसलेला आहे. स्विस घड्याळाचं नाव मोठं असेल. पण एका चाकासाठी ते महिनोन्महिने दुकानात पडून राहणार असेल, तर रोजच्या कामाचं नाही.

तबकडी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. जुन्या घड्याळांची तबकडी नव्यानं रंगवून विकायचा धंदा मुंबईत जुना आहे. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच दिलंय. भिंगातून पाहिलं की रंगवलेली तबकडी ओळखू येते: अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाडीच्या असतात, आकडे किंचित तिरके बसलेले असतात. पण खरा प्रश्न रंगवावी का लागली, हा आहे. मूळ तबकडी खराब होते ती बहुतेकदा आत ओल गेल्यानं, आणि जी ओल तबकडीला लागली ती चाकांनाही लागलेली असू शकते. म्हणून झगझगीत निळ्या-केशरीपेक्षा पिवळसर पडलेली मूळ तबकडी केव्हाही बरी.

मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. चावीच्या दांड्याजवळ गंज दिसला, तर सरळ परत द्या. पाणी तिथूनच शिरतं. मग चावी भरून घड्याळ कानाला लावा. या यंत्राचे सेकंदाला पाच ठोके पडतात, ते आडवं-उभं कसंही धरलं तरी एकसारखे ऐकू आले पाहिजेत. पूर्ण चावीवर ते एक दिवस उलटून चाललं पाहिजे. दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, तर जुन्या यंत्राकडून तेवढं चालवून घ्यावं.

वापरताना रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्या, आणि अडली की तिथंच थांबा. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढं पळू लागलं, तर बहुतेकदा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलेलं असतं. घड्याळजी ते काही मिनिटांत काढतात. मोबाइलच्या स्पीकरवर ते टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात घालू नका, केसवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी. त्यातलं रबर केव्हाच कडक झालेलं असतं. तेल सुकतं, त्यामुळं चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग लागतंच. ते टाळलं तर यंत्र झिजतं.

एवढं करूनही पैसे देण्याआधी जवळपासचे घड्याळजी गाठा. हे घड्याळ तुम्ही उघडाल का, भाग मिळतील का, हे त्यांनाच विचारा. ते ‘नाही’ म्हणाले, तर घड्याळ कितीही आवडलेलं असो, घेऊ नका.