पडद्यावरचा थेंब चुकत नाही

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली, तास मोबाइलवर आले आणि प्रॅक्टिकलपाशी घोडे अडले. बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या प्रत्येकी १०० गुणांत ३० प्रात्यक्षिकाचे असतात. परतूर तालुक्यातल्या खेड्यांतून रोज कॉलेज गाठणाऱ्यांना घरबसल्या प्रयोग शिकता आले तर हवेच आहेत. पण ‘प्रयोग ऑनलाइन जमतात का’ असे घाऊक विचारून भागत नाही. त्या प्रयोगात चूक कुठे होते आणि ती करणाऱ्याला स्वतःला दिसते का, हे पाहावे लागते.

टायट्रेशन घ्या. फेनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी रंग टिकला की ब्युरेटची तोटी बंद; थेंब जादा पडला की रंग गडद आणि रीडिंग वाया. हे बोटांचे शिक्षण आहे. सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाच्या ‘ओलॅब्स’वर हा प्रयोग माऊसने करता येतो, पायऱ्याही छान समजतात, मात्र तिथला थेंब ठरलेल्या गणितानेच पडतो. याउलट आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने एक छोटे उपकरण केले: तापणारी पट्टी, पंखा, तापमापक, सगळे खरे. दूरचा विद्यार्थी इंटरनेटवरून आज्ञा पाठवतो, पट्टी आपल्या चालीने तापते, अंदाज चुकला तर आलेखात दिसतो. कारखान्यातला अभियंताही असाच संगणकापाशी बसतो, त्यामुळे इथे अंतराने काही बिघडत नाही. आणि परतूरच्या घराघरांत जमणारा प्रयोग म्हणजे सोयाबीनची उगवण चाचणी: ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळायचे, काही दिवसांनी कोंब मोजायचे, ७० उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. शिक्षक फोनवर, दाणे मुलांकडे. दोन घरचे आकडे जुळले नाहीत की दाणे कसे निवडले, पाणी किती झाले, यावर वाद रंगतो. माझ्या मते तासाचा खरा भाग तोच.

कोणी म्हणेल, गावाकडच्या प्रयोगशाळा तरी कुठे धड आहेत? एका ब्युरेटभोवती घोळका आणि जर्नलात जुनी रीडिंग उतरवलेली, त्यापेक्षा पडदा बरा. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून निघते ती प्रयोगशाळेच्या दुरुस्तीची मागणी. दूरशिक्षणासाठीच जन्मलेल्या इग्नूनेही बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची ठेवली आहे. आम्लाच्या बाटल्या घरी पाठवण्याचा पर्याय तर नकोच. पायऱ्या आणि आकडेमोड पडद्यावर आधी उरकली, तर टायट्रेशन आणि सॉल्ट अ‍ॅनालिसिससाठी बसभाड्याचे मोजकेच दिवस लागतील, आणि तुकड्या पाडल्या तर त्या दिवसांत ब्युरेट एकेकाच्या हाती राहील.