मांजर कोणास म्हणावें? : सस्तन प्राण्यांचे गण आणि कुलें

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या वाटेवर अड्याळ हें गांव आहे. भोंवतीं धानाचीं शेतें, तळीं व बोड्या, आणि त्यांपलीकडे साग, मोह व बांबू यांचें रान, असा हा वैनगंगेच्या खोऱ्यांतील मुलूख. येथील जाणत्या माणसास रानांतलें जनावर ओळखण्यास पुस्तक लागत नाहीं. पाऊल, विष्ठा, ओरड आणि हिंडण्याची वेळ यांवरून तो तें सांगतो. अशा माणसाच्या मराठींत मांजर या नांवाचीं निदान पांच जनावरें आहेत. चुलीपाशीं बसणारें पाळीव मांजर, गवतांतून फिरणारें रानमांजर, रात्रीं कौलांवरून व झाडांवरून हिंडणारें उदमांजर, पाण्यांत मासे धरणारें पाणमांजर आणि अंगभर खवले असलेलें खवल्या मांजर. प्राणिशास्त्राच्या मतें या पांचांपैकीं खरीं मांजरें पहिलीं दोनच. उरलेलीं तीन तीन निरनिराळ्या घराण्यांतलीं असून त्यांतील एकाचा तर गणहि वेगळा आहे.

याचा अर्थ लोकांची भाषा चुकली असा नव्हे. भाषा रूप व राहणी पाहून नांव देते, आणि रोजच्या व्यवहारास तेवढें पुरतें. प्राणिशास्त्राचा प्रश्न निराळा आहे: या जनावराचे पूर्वज कोण, आणि त्या पूर्वजांचे दुसरे वंशज आज कोणते? दोन गांवच्या दोन गृहस्थांचें आडनांव पाटील असलें म्हणजे ते एकमेकांचे आप्त ठरत नाहींत; उलट मामेभावाचें आडनांव वेगळें असूनहि रक्ताचें नातें जवळचें असतें. नातें ठरतें तें वंशावळीवरून. सस्तन प्राण्यांचें वर्गीकरण म्हणजे अशीच एक मोठी वंशावळ होय.

अंगावर केस असणें आणि पिलांस दूध पाजणें या खुणांवरून सस्तन प्राण्यांचा वर्ग ओळखला जातो. वर्गांत गण, गणांत कुलें, कुलांत प्रजाति आणि प्रजातींत जाति, अशी उतरती मांडणी असते. टपालाच्या पत्त्यांत जिल्हा, तालुका, गांव व घर जसें क्रमानें येतें, तसाच हा प्रकार. वाघाचा पत्ता लिहावयाचा तर सस्तन वर्ग, मांसाहारी गण, मार्जार कुल, पँथेरा प्रजाति, टायग्रिस जाति, असा लिहावा लागतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक गणनेंत सस्तन प्राण्यांच्या सुमारें साडेसहा हजार जाति, १६७ कुलें आणि २७ गण धरलेले आहेत. हे गण सारख्या आकाराचे नाहींत. उंदीर, खार, साळिंदर यांच्या कृंतक गणांतच दर दहांपैकीं चार जाति येतात. त्याच्या खालोखाल वटवाघळांचा गण. उलट कांहीं गणांत बोटांवर मोजण्याइतक्याच जाति शिल्लक आहेत.

ही मांडणी एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. स्वीडनमधील पंडित कार्ल लिनीअस यानें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत सस्तन प्राण्यांचे आठ गण केले. त्याचा मुख्य भर पुढच्या दांतांवर होता. त्या कसोटीनें वटवाघूळ मनुष्य व वानर यांच्या पंक्तीस बसलें, गेंडा उंदरांच्या गणांत गेला, आणि पुढचे दांत नाहींत म्हणून खवल्या मांजर हत्तीच्या शेजारीं आलें. आज हें वाचतांना हंसूं येतें. परंतु लिनीअसनें घालून दिलेली चौकट राहिली आणि तिच्यांतील चुका पुढील पिढ्यांनीं सुधारल्या.

अशी एक चूक आपल्याकडील अस्वलासंबंधीं झाली. अड्याळच्या बाजूस उन्हाळ्यांत मोहाच्या फुलांसाठीं येणारें आणि एरव्हीं वाळवी उकरून खाणारें हें काळें जनावर. याचे वरचे मधले दोन दांत नसतात व नखें लांब असतात. त्या फटींतून वाळवी ओढून घेणें त्यास सोयीचें जातें. इंग्लंडमधील जॉर्ज शॉ यानें १७९१ सालीं या खुणा पाहून तें दक्षिण अमेरिकेंतील झाडास लोंबकळणाऱ्या स्लॉथ नांवाच्या प्राण्याचें भावंड ठरविलें व तसें त्याचें नांवहि ठेविलें. पुढें तें अस्वलच असल्याचें सिद्ध झालें. पण इंग्रजींत त्यास अजून स्लॉथ बेअर असेंच म्हणतात. खाण्याच्या संवयीमुळें दांत व नखें बदलतात, आणि दूरच्या दोन कुलांतील प्राणी एकच उद्योग करूं लागले कीं एकमेकांसारखे दिसूं लागतात, हा धडा यांतून मिळाला.

म्हणूनच मोहाचीं फुलें खाणारें अस्वलहि आज मांसाहारी गणांतच मोडतें. हें नांव आहाराचें नव्हे, वंशाचें आहे. या गणाच्या दोन मोठ्या शाखा आहेत. एकींत कुत्रा, लांडगा, कोल्हा, अस्वल आणि मुस्टेलिडे कुलांतील प्राणी. दुसरींत मांजर, वाघ, बिबट व त्यांचे आप्त. या शाखा ओळखण्यास बाहेरचें रूप फारसें उपयोगी पडत नाहीं. विल्यम फ्लॉवर या शास्त्रज्ञानें १८६९ सालीं कवटीचा तळ व तेथील कानाच्या हाडाचा फुगा तपासून या नात्यांवर प्रकाश टाकला. खाण्यापिण्याच्या संवयीनें दांत लवकर बदलतात. कानाच्या आंतील रचना त्या मानानें सावकाश बदलते, म्हणून तिची साक्ष अधिक भरंवशाची.

या साक्षीनें पाहतां पाणमांजर कुत्र्याच्या शाखेंतील मुस्टेलिडे कुलाचें ठरतें. उदमांजर मांजराच्या शाखेंतलें खरें, पण त्याचें कुल व्हिव्हेरिडे, म्हणजे वेगळें. सर्वांत आश्चर्य तरसाचें. उतरती पाठ, लांब तोंड व चाल पाहून कोणीहि त्यास कुत्र्याचा भाऊ म्हणेल. परंतु कवटी आणि जनुकें या दोहोंची साक्ष त्यास मांजराच्या शाखेंत बसविते, आणि तेथेंहि त्याचा जवळचा नातलग बांधावरून पळणारें मुंगूस होय.

खूर असलेल्या जनावरांत असाच घोटाळा आढळतो. शहरांत जिला नीलगाय म्हणतात तिला विदर्भांत रोही म्हणतात. तिचा बांधा घोड्यासारखा दिसतो. शास्त्रज्ञहि येथें गोंधळले असावे, कारण तिच्या लॅटिन नांवाचे तुकडे पाडले तर बैल, हरीण, बोकड व उंट असे चार प्राणी निघतात. निर्णय शिंगांवरून सोपा होतो. चितळ व सांबर यांच्या नरांचीं शिंगें भरीव व फांद्यांचीं असून ठराविक काळानें गळतात व पुन्हा उगवतात. हें हरिणांचें कुल. गाय, म्हैस, शेळी, काळवीट यांचीं शिंगें हाडाच्या खुंट्यावर चढविलेल्या पोकळ म्यानासारखीं असून जन्मभर टिकतात. रोहीच्या नराचीं आंखूड शिंगें या दुसऱ्या प्रकारचीं, म्हणून ती गाईच्या कुलांतली. घोडा मात्र या दोहोंपासून दूर, विषमखुरी गणांत आहे.

समखुरी गणांत आतां देवमाशाचीहि गणना होते, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. जनुकांच्या तपासणींत पाणघोडा हा देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग ठरला. जम्मू प्रांतांतील कालाकोट येथें सांपडलेल्या इंडोह्यूस नांवाच्या प्राण्याचें वर्णन ए. रंगा राव यांनीं १९७१ सालीं केलें होतें. सुमारें चार कोटि ऐंशीं लक्ष वर्षांपूर्वींचा हा मांजराएवढा खुरी प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची एक जाड कड देवमाशाच्या कानांतील हाडासारखीच असल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. जगांतल्या सर्वांत मोठ्या प्राण्याचा संबंध असा भारताच्या भूमींतील एका लहान प्राण्याशीं जोडला गेला.

हें ज्ञान केवळ पंडितांच्या कामाचें आहे असें नाहीं. घरांत शिरणाऱ्या चिचुंद्रीस लोक उंदीर समजून मारतात. लिनीअसनेंहि १७६६ सालीं तिच्या नांवांत उंदरासारखी या अर्थाचा शब्द घातला. पण उंदराचे पुढचे दांत पटाशीसारखे असून सतत वाढतात व त्यास कांहींतरी कुरतडणें भाग पडतें. चिचुंद्रीच्या लांब नाकाडाखालीं बारीक टोंकदार दांतांची ओळ असते. तिचा गण वेगळा, आणि तिचे आप्त काटेरी जाहक व जमिनीखालीं राहणारे मोल. झुरळें व किडे हें तिचें मुख्य अन्न. कुळाची चौकशी न करतां केलेली शिक्षा निरपराध्यास भोगावी लागते, ती अशी.

खवल्या मांजराच्या बाबतींत ही चौकशी अधिकच निकडीची आहे. दांत नाहींत व जीभ लांब, म्हणून त्यास दीर्घकाळ अमेरिकेंतील मुंगीखाऊंच्या सोबत ठेविलें जात असे. मॅक्स वेबर यानें १९०४ सालीं त्याचा फोलिडोटा हा स्वतंत्र गण मानला. आणि २००१ च्या सुमारास जनुकांच्या अभ्यासानें असें दाखविलें कीं या गणास सर्वांत जवळचा गण मांसाहारी प्राण्यांचाच. मराठी नांवांतील मांजर हा शब्द अजाणतां कांहींसा खरा ठरला. मात्र खवल्या मांजर मांजराचें जेवढें आप्त आहे, तेवढेंच तें कुत्र्याचें व अस्वलाचेंहि आहे.

या गणांत आज एकच कुल जिवंत आहे आणि त्याच्या सर्वमान्य जाति अवघ्या आठ. कृंतक गणांतील एखादी जाति नाहींशी झाली तर ती हानि खरीच. पण तिच्या मागें दोन हजारांहून अधिक भावंडें उरतात. फोलिडोटा संपला, तर कोट्यवधि वर्षांची एक संपूर्ण शाखा बुंध्यापासून तुटेल. विदर्भाच्या रानांतहि आढळणारें हें जनावर संकटांत सांपडलें कीं अंगाचें वेटोळें करतें. वाघाच्या दांतांपुढें हा उपाय चालतो, माणसापुढें नाहीं; तो तें वेटोळें उचलून पोत्यांत घालतो. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें, त्यामुळें झालेली तूट लवकर भरून येत नाहीं. ज्या खवल्यांसाठीं त्याची चोरटी शिकार होते, ते माणसाच्या नखांच्याच द्रव्याचे बनलेले असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत त्यास स्थान आहे, आणि २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरहि बंदी आहे.

अड्याळसारख्या गांवीं धानाच्या बांधावर असें वेटोळें आढळलें, तर त्यास न हलवितां वनखात्यास कळवावें, एवढें केलें तरी पुरे. त्या वेटोळ्यांत कोणतें घराणें गुंडाळलेलें आहे हें ज्यास ठाऊक झालें, त्याचा हात पोत्याकडे जाणार नाहीं.